शौचातून रक्त, आव आणि आतड्याचा जुनाट दाह



गेल्या गळीत हंगामाच्या आधी ऊस विकासाचा एक मेळावा झाला. खत, पाणी, खोडवा यांवर बोलणे झाले, चहा झाला, मंडळी पांगली. एक सभासद मात्र उगाच चपला शोधत मागे रेंगाळले. कोणी ऐकत नाही असे पाहून जवळ आले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, चारचौघांत बोलायची गोष्ट नाही. दीड वर्ष झालं, परसाकडं रगत पडतंय."

दीड वर्ष! बैलाच्या शेणात रक्त दिसले असते तर याच गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी जनावरांचा डॉक्टर गोठ्यात उभा केला असता.

त्यांनी काहीच केले नव्हते असे मात्र नाही. आधी मूळव्याध समजून चूर्ण घेतले. मग आव म्हणून गोळ्यांचे तीन कोर्स झाले. मग कोणीतरी एक बारीक पांढरी गोळी दिली. तिने आठ दिवसांत रक्त थांबले, भूक लागली, अंगात ताकद आली. गोळी बंद केली की महिन्याभरात पुन्हा तेच. मग दुखले की चार दिवस गोळी खायची, थांबले की सोडायची, असे वर्षभर चालले. माझ्याकडे आले तेव्हा चेहरा सुजल्यासारखा गोल झाला होता आणि रक्तातली साखर वाढली होती. ती गोळी प्रेडनिसोलोन होती, म्हणजे स्टेरॉइड. पुढे दुर्बिणीने तपासणी झाली, आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासला, आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे निदान झाले. आज त्यांची तब्येत चांगली आहे. नाव-गाव न सांगता हे लिहायला त्यांनी परवानगी दिली, म्हणून हा लेख.

दुसऱ्याच्या चुका सांगायच्या तर स्वतःचीही एक सांगितली पाहिजे. नवीन दवाखाना टाकला त्या वर्षी शेजारच्या एका तरुण पोराला मी सात-आठ महिने आवेच्या गोळ्या देत राहिलो. एकदाही दुर्बिणीला पाठवले नाही. पोरगा वाळत गेला. शेवटी त्याच्या आईनेच दुसरा डॉक्टर पाहिला. तेव्हापासून सहा आठवड्यांच्या वर शौचातून रक्त किंवा शेंबूड पडत असेल तर आधी तपासणी, मग औषध, असा मी स्वतःलाच नियम घालून घेतला आहे.

हा रोग आहे तरी काय?

आपल्या शरीरात जंतूंशी लढणारी एक फौज असते. काही माणसांत ती बिघडते आणि आपल्याच आतड्याच्या अस्तरावर चालून जाते. अस्तर लाल होते, सुजते, त्यावर जखमा पडतात. याचे दोन भाऊ आहेत. अल्सरेटिव्ह कोलायटिस हा फक्त मोठ्या आतड्याचा. तो गुदद्वाराकडून सुरू होऊन वर चढतो आणि आतल्या अस्तरापुरता राहतो. दुसरा क्रोन्स. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, मध्येमध्ये जागा सोडून होतो आणि आतड्याची सगळी जाडी खातो. म्हणून क्रोन्समध्ये आतडे अरुंद होणे, पोट तटतटणे, भगेंद्रासारखी छिद्रे पडणे हे जास्त. दोन्ही रोग बहुधा ऐन तरुणपणी धरतात. काहींचे सांधे धरतात, डोळे लाल होतात, तोंड येते. दोन्ही संसर्गजन्य नाहीत. ताट-वाटी वेगळी करायचे कारण नाही आणि लग्न मोडायचेही नाही.

साधी हगवण चार-आठ दिवसांची असते. हा रोग येतो, जातो, पुन्हा येतो. रात्री झोपेतून उठून पळावे लागणे ही मोठी खूण. मूळव्याधीत शौच बांधून होते आणि वर रक्ताची धार किंवा थेंब पडतात. या रोगात रक्त, आव आणि पातळ शौच एकत्र मिसळलेले असते. तरी नुसत्या वर्णनावर घरी बसून निकाल लावू नये. मूळव्याध आणि कोलायटिस एकाच माणसाला असू शकतात.

"हे शहरातल्या पैसेवाल्यांचे दुखणे" असे आम्हा डॉक्टरांनाही शिकवले गेले होते. पंजाबात डॉ. अजित सूद आणि सहकाऱ्यांनी ५१,९१० लोकांची पाहणी केली, त्यात अल्सरेटिव्ह कोलायटिसचे २३ रुग्ण मिळाले. म्हणजे लाखाला ४४. हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. पुढे हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीच्या डॉक्टरांनी पोटाच्या तक्रारी असलेल्या तीस हजारांहून अधिक लोकांची दुर्बिणीने तपासणी केली, खेड्यांतलीही आणि शहरांतलीही. २०२३ साली निष्कर्ष आले. या रोगाचे प्रमाण खेड्यात आणि शहरात जवळपास सारखेच निघाले. तेव्हा आपल्या कार्यक्षेत्रातल्या गावांत हे रुग्ण असणारच. ते मूळव्याध आणि आव या नावांखाली दडलेले आहेत.

चाचणी प्लॉट रानातून दवाखान्यात आला

औषध लागू पडते की नाही हे कसे ठरवायचे? हे सभासदांना मी शिकवायची गरज नाही. नवीन वाण आला की पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रात तो नुसता लावून 'वा, काय ऊस आलाय' असे म्हणत नाहीत. शेजारी जुना वाण लावतात. पाणी तेच, खत तेच, आणि कोणत्या वाफ्यात कोणता वाण हे चिठ्ठी टाकून ठरवतात. नाहीतर चांगली जमीन आपल्या आवडत्या वाणाला मिळते आणि श्रेय वाणाचे ठरते. ही पद्धत इंग्लंडात रोथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रावर रोनाल्ड फिशर यांनी १९२० नंतरच्या काळात बसवली. आपल्याकडे डॉ. वि. गो. पानसे आणि डॉ. पां. वा. सुखात्मे या दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांनी १९५४ साली शेती क्षेत्रातील कार्यकर्त्यांसाठी त्यावर ग्रंथ लिहिला आणि तो देशभर वापरला गेला. दवाखान्यात ती पद्धत रुजली १९४८ च्या सुमारास, क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीतून. म्हणजे डॉक्टर लोक या बाबतीत शेतकऱ्यांचे चेले आहेत.

आतड्याच्या दाहावरची पहिली मोठी अशी चाचणी ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स या दोन डॉक्टरांनी केली. निष्कर्ष १९५५ साली आले. अल्सरेटिव्ह कोलायटिसचे २१० रुग्ण घेतले. निम्म्यांना कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिले, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. सहा आठवड्यांनी कॉर्टिसोनच्या गटात शंभरी ४१ जणांचा रोग शमला होता. दुसऱ्या गटात शंभरी १६ जणांचा.

सगळे ४१ कडे बघतात. मला १६ महत्त्वाचे वाटतात. औषध नसलेल्या गोळीवर शंभरातले सोळा जण उठून बसले! कारण हा रोग आपणहून चढतो आणि आपणहून उतरतो. त्या उताराच्या आठवड्यात ज्याने जे दिले त्याला यश मिळते. कोणी चूर्ण दिले, कोणी ताईत बांधला, कोणी महागडी सलाइन लावली. त्या सोळातला एक जण गावात परत येतो आणि चावडीवर सांगतो, "मला अमक्याच्या औषधानं गुण आला." तो खोटे बोलत नसतो. पण शेजारचा वाफा त्याने पाहिलेला नसतो.

स्टेरॉइड लागू पडते, मग ते कायम का घेऊ नये? हाही प्रश्न चाचणीलाच लावला गेला. १९६५ साली लंडनच्या लेनर्ड-जोन्स आणि सहकाऱ्यांनी बरे झालेल्या रुग्णांना रोज थोडे प्रेडनिसोन देऊन पाहिले. रोग उलटण्याचे प्रमाण औषध नसलेल्या गोळीइतकेच राहिले. म्हणजे स्टेरॉइड आग विझवते, पण पुन्हा आग लागू नये याची राखण करत नाही. उलट हाडे ठिसूळ करते, साखर वाढवते, डोळ्यांत मोतीबिंदू आणते, जंतूंना वाट करून देते. आमच्या सभासदांचे वर्षभर जे चालले होते ते हेच. आणि दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकदम तोडणेही धोक्याचे. ते डॉक्टरच्या सांगण्यावरून पायरी-पायरीने उतरवावे लागते.

राखणीला दुसरे औषध आहे आणि ते जुने आहे. स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ या डॉक्टरबाईंनी सांधेदुखीसाठी सल्फासालाझिन बनवून घेतले. सांधेदुखीबरोबर ज्यांना कोलायटिस होता त्यांचे आतडेही सुधारले. त्याच १९६५ साली लंडनमध्येच याची चाचणी झाली. बरे झाल्यावर ही गोळी चालू ठेवणाऱ्यांपैकी शंभरी तीसच्या आत लोकांना वर्षभरात रोग उलटला. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत शंभरी सत्तरच्या आसपास. पुढे १९७७ साली ट्रूलव्ह यांच्याबरोबर काम करणाऱ्या डॉ. आझाद खान या ढाक्याच्या डॉक्टरांनी त्या गोळीतला नेमका कोणता भाग काम करतो हे शोधले. तो भाग म्हणजे आजचे मेसालामाइन.

सल्फासालाझिन स्वस्त आहे. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी ते घेऊ नये. पुरुषांत त्याने वीर्यातले शुक्रजंतू कमी होतात. गोळी बदलली की ते पूर्ववत होतात. नवीन लग्न झालेल्या पोरांनी लाज न धरता डॉक्टरला हे विचारावे. नाहीतर घरचे सुनेला दोष देत बसतात.

रोग गुदद्वाराजवळ असेल तर मेसालामाइन खालून घेणे, म्हणजे वडी किंवा एनिमा, हे अधिक गुणकारी. आपल्याकडे त्याचा संकोच फार. पिकाच्या मुळाशी द्यायचे पाणी शेंड्यावर ओतण्यात काय हशील?

गोळी बंद करण्याचा मोह मात्र सगळ्यांनाच होतो. "आता काही होत नाही, कशाला खायची?" शिकागोत याचा माग काढला गेला आणि २००३ साली तो प्रसिद्ध झाला. बरे झाल्यावर मेसालामाइन नियमित न घेणाऱ्यांत रोग उलटण्याचा धोका पाच पटींहून अधिक आढळला. सुशिक्षित अमेरिकेत ही गत, तर हंगामात सहा महिने कोपीवर राहणाऱ्या आपल्या तोडणी मजुरांचे काय होत असेल? बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर टोळ्याच्या टोळ्या बाहेर पडतात. अशा मजुराला निघताना पूर्ण हंगामाची गोळी आणि निदानाचा कागद बरोबर दिलाच पाहिजे. मुकादम मंडळींनीही हे ध्यानात ठेवावे. अंगदुखीसाठी टोळीत सर्रास खाल्ल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी हा रोग भडकू शकतो, तेही त्यांना सांगून ठेवावे.

क्रोन्स की क्षय?

आपल्या देशात हा प्रश्न सर्वांत अवघड. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स हे जुळ्या भावांसारखे दिसतात. दुर्बिणीतही आणि कधीकधी तुकड्यातही. चूक झाली तर दोन्हीकडून मार. क्षय असताना स्टेरॉइड दिले तर क्षय अंगभर पसरतो. क्रोन्स असताना क्षयाच्या गोळ्या चालू ठेवल्या तर रोग आत वाढत राहतो.

गुरे पाळणाऱ्यांना यातली एक गोष्ट लगेच कळेल. गाई-म्हशींना आणि शेळ्यांना 'जोन्स' नावाची जुनाट हगवण लागते. जनावर खाते-पिते, पण वाळत जाते. तिचा जंतू क्षयाच्या जंतूचा भाऊबंद. क्रोन्स रोगाला अमेरिकेत १९३२ साली नाव मिळाले. त्याआधीच, १९१३ साली, ग्लासगोच्या डॅल्झिएल या सर्जनने लिहून ठेवले होते की माणसांतले हे दुखणे गुरांच्या जोन्ससारखे दिसते, पण जंतू सापडत नाही. हा संशय शंभर वर्षे गेला नाही. शेवटी ऑस्ट्रेलियात २१३ क्रोन्स रुग्णांवर चाचणी घेतली. त्या जंतूवर चालणारी तीन औषधे दोन वर्षे दिली. पहिल्या चार महिन्यांत थोडा फरक दिसला, पुढे तो टिकला नाही. २००७ सालचा हा निष्कर्ष. जंतूचा आणि या रोगाचा काहीच संबंध नाही असे त्यावरून म्हणता येत नाही, पण त्या औषधांनी क्रोन्स बरा होत नाही एवढे ठरले.

क्षय आणि क्रोन्स वेगळे कसे ओळखावेत यावर मुंबईत काम केले ते बॉम्बे हॉस्पिटलच्या डॉ. दीपक अमरापूरकर यांनी. २९ ऑगस्ट २०१७ च्या मुंबईतील अतिवृष्टीत उघड्या मॅनहोलमध्ये पडून जे गेले, तेच हे डॉक्टर. त्यांच्या २००८ सालच्या अभ्यासात एक ठळक फरक दिसला. क्षयाच्या रुग्णांची तक्रार काही महिन्यांची होती, क्रोन्सच्या रुग्णांची काही वर्षांची. एकाच तपासणीवर निकाल लागत नाही. रुग्णाची हकीगत, दुर्बीण, तुकडा, क्षयाच्या जंतूची तपासणी, सगळे एकत्र मांडावे लागते.

तरीही खात्री होत नसेल तर क्षयाची औषधे सुरू करून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालतात. ही दुसरी दुर्बीणच महत्त्वाची. दिल्लीच्या एम्सच्या संशोधनात दिसले की क्षय असेल तर तेवढ्या अवधीत जखमा भरून येऊ लागतात. क्रोन्सच्या रुग्णाला काही वेळा बरे 'वाटते', पण जखमा तशाच राहतात. पेशंट म्हणतो, "बरं वाटतंय, परत नळी कशाला?" आणि तिथेच फसतो. क्रोन्स असताना क्षयाच्या औषधांवर वेळ गेल्यास आतडे अरुंद होण्याची शक्यता वाढते, हेही एम्सनेच दाखवले. आणि क्षयच निघाला तर घाबरू नये. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, आणि सहा महिन्यांचा कोर्स नऊ महिन्यांइतकाच गुणकारी असल्याचे २०१५ साली भारतातल्याच चाचणीने सिद्ध केले आहे.

रोग चिघळला तर

दिवसातून सहा किंवा अधिक वेळा रक्ताचे शौच, आणि त्याबरोबर ताप, नव्वदच्या वर नाडी किंवा पांढराफटक चेहरा, यातले काही असेल तर तो जोराचा झटका समजावा. हा ठोकताळाही ट्रूलव्ह-विट्स यांचाच, सत्तर वर्षे झाली तरी वापरात आहे. अशा वेळी घरी थांबू नये. जुलाब बांधणाऱ्या गोळ्या तर मुळीच देऊ नयेत. आतडे फुगून फुटू शकते. दवाखान्यात शिरेतून स्टेरॉइड देतात. पायाच्या शिरांत रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून रक्त पातळ ठेवणारे इंजेक्शनही देतात. रक्तस्राव चालू असताना हे इंजेक्शन कसे, असे नातेवाईक विचारतात. या रोगात गाठीचा धोका खरोखर मोठा असतो, म्हणून.

स्टेरॉइडला दाद न देणाऱ्यांना पूर्वी ऑपरेशनशिवाय वाट नव्हती. १९९४ साली सायक्लोस्पोरिनची चाचणी झाली. रुग्ण फक्त २० होते, पण निकाल बोलका. औषध मिळालेल्या ११ पैकी ९ जणांना गुण आला, न मिळालेल्या ९ पैकी एकालाही नाही. २००५ साली स्वीडन-डेन्मार्कमध्ये इन्फ्लिक्सिमॅबच्या एका डोसाने २४ पैकी ७ जणांचेच आतडे काढावे लागले, दुसऱ्या गटात २१ पैकी १४ जणांचे. अशी इंजेक्शने आता भारतातही बनतात, त्यामुळे किंमत पूर्वीपेक्षा उतरली आहे, तरी सामान्य शेतकऱ्याला जडच. आणि एक मोठी मेख. इन्फ्लिक्सिमॅबने झोपलेला क्षय जागा होतो, हे २००१ पासून माहीत आहे. छातीचा फोटो आणि क्षयाची तपासणी केल्याशिवाय ते घेऊ नये.

ऑपरेशनचे नाव काढले की घरात रडारड सुरू होते. वेळेवर केलेले ऑपरेशन जीव वाचवते. उशीर केला की तेच ऑपरेशन जिवावर येते. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठे आतडे काढल्यावर आतड्याचा हा रोग राहत नाही. पोटावर पिशवी येते, पण अनेकांत पुढे लहान आतड्याचीच पिशवी आत करून ती काढता येते. मोठ्या आतड्याचा बराच भाग धरलेला असेल तर आठ वर्षांनंतर कर्करोगासाठी ठरावीक काळाने दुर्बीण करत राहावी.

हळद, ताक वगैरे

हे प्रश्न येणारच. जपानमध्ये २००६ साली नेहमीच्या गोळीबरोबर रोज दोन ग्रॅम कुरकुमिन, म्हणजे हळदीतले सत्त्व, दिले. सहा महिन्यांत ४३ पैकी २ जणांना रोग उलटला. ज्यांना ते दिले नाही त्यांच्यात ३९ पैकी ८ जणांना. पण दिल्लीत कमी मात्रेत, रोज ४५० मिलिग्रॅम, दिले तेव्हा २०१७ च्या निष्कर्षात काही फायदा दिसला नाही. दोन ग्रॅम कुरकुमिन हळदपुडीतून मिळवायचे तर रोज पन्नास ग्रॅमहून जास्त पूड खावी लागेल. भाजीतली चिमूटभर हळद चवीसाठी ठीक आहे. आणि जपानमध्येही नेहमीची गोळी बंद केलेली नव्हती.

तसेच जिवाणूंचे. २००९ साली भारतात आठ प्रकारच्या जिवाणूंचे मिश्रण १४७ रुग्णांना देऊन पाहिले. बारा आठवड्यांत ७७ पैकी ३३ जणांचा रोग शमला, दुसऱ्या गटात ७० पैकी ११ जणांचा. ते मिश्रण म्हणजे आपले ताक नव्हे. ताक सोसत असेल तर जरूर प्यावे, पण औषध म्हणून नव्हे. एम्सने तर निरोगी खेडूतांच्या विष्ठेतले जिवाणू नळीने रुग्णाच्या आतड्यात सोडून, जोडीला विशिष्ट आहार देऊन चाचणी घेतली. २०२२ साली आलेला तिचा निकाल आशादायक होता. हसू नका, मोठ्या दवाखान्यात आज आपल्या खेड्यातल्या आतड्यालाही किंमत आहे!

तंबाखू-बिडीबाबत एवढेच की क्रोन्समध्ये धूम्रपान सोडल्याने होणारा फायदा काही औषधांच्या तोडीचा असतो.

तेव्हा ज्यांच्या घरी असे कोणी आहे त्यांनी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण रुग्णालयात, छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत किंवा लातूर-सोलापूरला पोटविकाराच्या डॉक्टरांकडे दाखवावे. दुर्बिणीची सोय कुठे आणि कधी होते ते आधी विचारून घ्यावे म्हणजे फेरी वाया जात नाही. आदल्या दिवशी पोट साफ करण्याचे औषध घ्यावे लागते, म्हणून बरोबर एक माणूस असावा. जुने रिपोर्ट, तुकड्याच्या तपासणीचा कागद आणि आतापर्यंत खाल्लेल्या सगळ्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या पिशवीत घालून न्याव्यात. ती बारीक पांढरी गोळी कोणती होती, हे निम्म्या वेळा त्या पट्टीवरूनच कळते.